तिच्या हातातला उपाय

१९९० च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत, नाताळ प्रांताच्या उत्तर भागातल्या खेड्यापाड्यांत मलेरियाची पाहणी चालायची. माणसं निवडून त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले जायचे. याच पाहणीला जोडून, कोणाचंही नाव न नोंदवता, त्या रक्तात एचआयव्ही आहे का हेही तपासावं असं तिशीच्या उंबरठ्यावरच्या एका संशोधिकेने ठरवलं. तिचं नाव कुरैशा अब्दुल करीम. ५,०२३ नमुने तपासले आणि ६० जणांना लागण झालेली आढळली. म्हणजे १.२ टक्के. प्रमाण थोडंच आहे, लक्ष ठेवू, असा शेरा मारून फाइल कपाटात टाकता आली असती.

कुरैशांनी तसं केलं नाही. त्यांनी आकडे वयाप्रमाणे आणि स्त्री-पुरुष असे वेगळे मांडले. तेव्हा दिसलं की बायकांमधली लागण पुरुषांच्या तिपटीहून अधिक आहे. नुकतंच राहतं ठिकाण बदललेल्या लोकांत प्रमाण २.९ टक्क्यांवर गेलं होतं. सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट वयाच्या रकान्यात होती. मुलींमध्ये लागण शाळेच्या वयापासूनच दिसू लागत होती, त्यांच्या वयाच्या मुलांमध्ये मात्र जवळजवळ नव्हती. पुरुषांना लागण होत होती ती त्यानंतर काही वर्षांनी.

तोवर जगाच्या डोळ्यांसमोरचा एड्स म्हणजे न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या समलिंगी पुरुषांचा आजार होता. सोळा-सतरा वर्षांच्या खेड्यातल्या मुलीचा विचार करून बचावाचा एकही उपाय तयार झालेला नव्हता. कंडोम होता, पण तो वापरायचा की नाही हे पुरुष ठरवणार. एकनिष्ठ राहा असा सल्ला होता, पण नवरा किंवा मित्र एकनिष्ठ नसेल तर त्या सल्ल्याने तिचं रक्षण व्हायचं नाही. या मुलीला स्वतःच्या हाताने, कोणाची परवानगी न मागता वापरता येईल असं काय देता येईल? कुरैशांची पुढची तीस-पस्तीस वर्षं या एका प्रश्नामागे गेली. वैद्यकातल्या बहुतेक कहाण्या औषध सापडलं की संपतात. ही कहाणी मला मोलाची वाटते ती वेगळ्या कारणाने. हिच्यात औषध सापडल्यानंतरच खरी अडचण सुरू होते.

कुरैशांचा जन्म १९६० चा, डरबनच्या उत्तरेला असलेल्या टोंगाट या उसाच्या गावातला. १८६० पासून मद्रास आणि कलकत्त्याहून जहाजं भरभरून गिरमिटिया मजूर ज्या मळ्यांवर नेले गेले, तोच हा टापू. गांधीजींमुळे नाताळ हे नाव आपल्या ओळखीचं आहे. कुरैशांचे पूर्वजही भारतातूनच तिकडे गेलेले. वर्णभेदाच्या राज्यात भारतीयांची वस्ती वेगळी, शाळा वेगळी, विद्यापीठही वेगळं. डरबन-वेस्टव्हिल हे भारतीयांसाठी काढलेलं विद्यापीठ. तिथे शिकून त्या जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठात गेल्या आणि पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. पती सलीम अब्दुल करीम हे डॉक्टर आणि साथरोगतज्ज्ञ. या दोघांचं काम पुढे इतकं एकमेकांत मिसळलं की कुठलं कोणाचं हे सांगणं अवघड व्हावं.

कोलंबियात त्यांना झीना स्टाइन आणि मर्विन ससर हे जोडपं भेटलं. दोघंही मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. जोहान्सबर्गजवळच्या अलेक्झांड्रा या काळ्यांच्या वस्तीत त्यांनी दवाखाना चालवला होता आणि वर्णभेदी सरकारशी पटेना म्हणून पन्नासच्या दशकात देश सोडला होता. १९९० मध्ये झीना स्टाइन यांनी अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. एचआयव्हीपासून बचावासाठी बायकांना स्वतः वापरता येतील अशी साधनं हवीत, एवढंच त्याचं म्हणणं होतं. आज हे उघड वाटतं. तेव्हा तसा विचार कोणी करत नव्हतं.

मायदेशी परतल्यावर कुरैशा हमरस्त्यावर पोहोचल्या. डरबन बंदरातला माल जोहान्सबर्गला नेणारे ट्रक वाटेत रात्री थांबतात. अशा थांब्यांवर देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांशी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सविस्तर बोलून घेतलं. या बायकांना एचआयव्ही माहीत नव्हता असं नाही. कंडोमही माहीत होता. पण कंडोमचा आग्रह धरला की गिऱ्हाईक पैसे परत मागायचा, मारहाण करायचा, नाहीतर सरळ दुसरीकडे जायचा. उद्या पोराच्या पोटात काय घालायचं, आज रात्री मार कसा चुकवायचा, या काळज्या आधी; काही वर्षांनी येणारा आजार नंतर. १९९५ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. माहिती दिली की वर्तन बदलतं असं धरून चालणाऱ्या आरोग्य खात्यांना त्यातून खूप शिकता आलं असतं.

इथे पुण्याची आठवण काढायलाच हवी. याच काळात, १९९३ ते १९९६ या वर्षांत, पुण्यातल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचे म्हणजे 'नारी'चे संशोधक गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या बायकांची तपासणी करत होते. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा तो अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांत निम्म्यांना लागण होती, याचं कोणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. पण ज्या त्या व्यवसायात नव्हत्या, त्यांच्यातही १३.६ टक्के लागण निघाली. त्यांतल्या बहुतेकजणी संसारी बायका होत्या. त्यांना धोका होता तो नवऱ्याकडून. नाताळच्या खेड्यातल्या मुलीत आणि पुण्याच्या दवाखान्यात रांगेत बसलेल्या गृहिणीत एक गोष्ट समान होती. दोघींचंही वागणं सुधारून त्यांचा बचाव होणार नव्हता.

१९९४ मध्ये मंडेलांचं सरकार आलं आणि कुरैशा देशाच्या एड्स कार्यक्रमाच्या पहिल्या संचालक झाल्या. मात्र साथ आता धावत सुटली होती. सरकारी दवाखान्यांत तपासल्या जाणाऱ्या गरोदर बायकांमध्ये १९९० साली लागणीचं प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी होतं. २००० साली ते २४.५ टक्के झालं. दहा वर्षांत दर चौथ्या गर्भवतीपर्यंत. सरकारी खुर्चीत त्या फार काळ रमल्या नाहीत, पुन्हा संशोधनाकडे वळल्या.

तोवर बायकांच्या हातात देता येईल अशा साधनाचा एक उमेदवार पुढे आला होता. नोनॉक्सिनॉल-९ नावाचं रसायन. शुक्रजंतू मारणारं म्हणून ते अनेक वर्षं वापरात होतं, आणि प्रयोगशाळेत ते एचआयव्हीलाही मारत होतं. योनीत लावायच्या जेलच्या रूपात बेनिन, आयव्हरी कोस्ट, थायलंड आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ८९२ स्त्रियांवर त्याची चाचणी झाली. डरबनच्या ट्रक थांब्यांवरच्या बायकाही त्यात होत्या. जुलै २००० मध्ये डरबनमध्येच भरलेल्या आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत निकाल सांगितला गेला. जेल वापरणाऱ्यांपैकी ५९ जणींना लागण झाली होती, बनावट जेल वापरणाऱ्यांपैकी ४५ जणींना. वारंवार वापरल्यावर ते रसायन योनीच्या नाजूक आवरणाला इजा करत होतं आणि विषाणूला आत शिरायला वाट मोकळी करून देत होतं. ज्या बायकांनी भरवसा ठेवून भाग घेतला होता, त्यांना हे सांगायची वेळ आली. पुढच्या काही वर्षांत आणखी तीन-चार जेल आली आणि पडली. या क्षेत्रात काम करणं म्हणजे पैसा आणि वर्षं वाया घालवणं, असं उघड बोललं जाऊ लागलं.

ती डरबनची परिषद आणखी एका कारणाने गाजली. एड्स एचआयव्हीमुळे होतो यावरच राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी जाहीर शंका घेत होते. परिषदेच्या तोंडावर पाच हजारांहून अधिक शास्त्रज्ञांनी सह्या करून, एड्स एचआयव्हीमुळेच होतो असं निवेदन काढलं. सलीम अब्दुल करीम त्या परिषदेच्या वैज्ञानिक कार्यक्रमाचे प्रमुख होते. आपल्याच सरकारच्या विरोधात, आपल्याच शहरात, आलेल्या पाहुण्यांसमोर उभं राहणं काय असतं ते या दोघांनी तेव्हा अनुभवलं. म्बेकींच्या शंकेपोटी सरकार एचआयव्हीवरची औषधं देत नव्हतं, आणि त्या हट्टापायी ३,३०,००० हून जास्त माणसं मेली, असा हिशेब पुढे हार्वर्डच्या अभ्यासकांनी मांडला. हा आकडा मी जेव्हा वाचतो तेव्हा थांबतो. विषाणूइतकीच खुर्चीतली माणसंही जीव घेऊ शकतात.

औषधं महाग होती ही सबबही होती. एका रुग्णाला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च यायचा. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा तोच संच वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला आणि ती सबब संपली. २००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने गर्भवतींना औषध देण्याचा आदेश सरकारला दिला. २००४ पासून सरकारी दवाखान्यांत औषधं मिळू लागली. आपल्याकडेही एचआयव्हीवरची ही औषधं, म्हणजे एआरटी, त्याच वर्षी एप्रिलपासून मोफत मिळू लागली.

२००२ मध्ये कुरैशा आणि सलीम यांनी डरबनमध्ये 'काप्रिसा' ही संशोधन संस्था उभी केली. तिचं एक केंद्र शहरात होतं आणि दुसरं डरबनपासून सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या वुलिंडलेला या डोंगराळ ग्रामीण भागात. तिथे आधी लोकांना उपचार मिळाले पाहिजेत, मग संशोधन, असा त्यांचा आग्रह होता. टीबी आणि एचआयव्ही एकदम झालेल्या रुग्णाचं काय करायचं हा तेव्हा रोजचा पेच होता. दोन्हीकडची औषधं एकदम पोटात घालायला डॉक्टर धजत नसत. आधी टीबीचा कोर्स संपवू, मग एआरटी, अशी रीत होती. सलीम यांच्या नेतृत्वाखाली ६४२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत दिसलं की टीबीचे उपचार चालू असतानाच एआरटी सुरू केली तर मृत्यू ५६ टक्क्यांनी घटतात. आपल्याकडच्या टीबीच्या दवाखान्यांतही आज दोन्ही उपचार हातात हात घालून चालतात, त्यामागे अशाच चाचण्यांचा पुरावा आहे.

आता जेलकडे परत येऊ. जुन्या जेलमध्ये विषाणूला बाहेरच्या बाहेर मारू पाहणारी रसायनं होती. कुरैशांनी वेगळा मार्ग धरला: रुग्णांना गोळीतून दिलं जाणारं एचआयव्हीचं औषधच जेलमध्ये घालायचं. ते औषध टेनोफोव्हिर. एचआयव्ही पेशीत शिरल्यावर आपल्या आरएनएवरून डीएनएची प्रत तयार करतो. ही प्रत म्हणजे एकात एक आकडा अडकवत ओवलेली माळ समजा. टेनोफोव्हिर त्या माळेतल्या मण्यासारखंच दिसतं, म्हणून विषाणूचं एन्झाइम ते उचलून ओवतं. पण पुढचा मणी अडकवायला त्याला आकडाच नसतो. माळ तिथेच अडते आणि विषाणूचा वंश त्या पेशीत वाढत नाही.

जेल कधी लावायचं? रोज लावा म्हणणं सोपं होतं. पण वुलिंडलेलातल्या कितीतरी बायकांचे जोडीदार खाणीत, कारखान्यात, शहरात कामाला. महिन्या-पंधरा दिवसांनी घरी येणारे. रोजच्या वापराला तिथे अर्थ नव्हता. मग आईकडून बाळाला होणारी लागण टाळण्यासाठी बाळंतपणाच्या वेळी आईला आणि जन्मानंतर बाळाला औषधाचा एकेक डोस देत असत, त्या पद्धतीवरून कल्पना घेतली. संबंधाच्या आधी बारा तासांच्या आत एकदा, नंतर बारा तासांच्या आत एकदा, आणि चोवीस तासांत दोनपेक्षा जास्त नाही. लागण होऊ शकणाऱ्या बायकांच्या आयुष्याचं वेळापत्रक पाहून आखलेली औषधाची मात्रा मी तरी याआधी फारशी पाहिलेली नाही.

मे २००७ मध्ये चाचणी सुरू झाली. १८ ते ४० वयाच्या, लागण नसलेल्या ८८९ स्त्रिया. निम्म्यांना टेनोफोव्हिरचं जेल, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. कोणाकडे कुठलं हे त्यांनाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. प्रत्येकीला दर महिन्याला केंद्रावर यायचं होतं. तिथे एचआयव्हीची तपासणी, गरोदरपणाची तपासणी, सल्ला, कंडोम. आणि येताना वापरलेल्या व न वापरलेल्या जेलच्या नळ्या परत आणायच्या. परत आलेल्या रिकाम्या नळ्या मोजून, त्या महिन्यात संबंध किती वेळा आले त्याच्याशी ताडून बघितलं जायचं. तोंडी उत्तरावर विसंबून न राहता नळ्या मोजायची ही तऱ्हा पुढे फार महत्त्वाची ठरली.

२० जुलै २०१० रोजी व्हिएन्नाच्या एड्स परिषदेत निकाल जाहीर झाला. बनावट जेलच्या गटात ६० जणींना लागण, टेनोफोव्हिरच्या गटात ३८. लागणीत ३९ टक्के घट. ज्यांनी दहापैकी आठहून अधिक वेळा जेल बरोबर वापरलं होतं त्यांच्यात घट ५४ टक्के. जननेंद्रियांच्या हर्पिसची लागणही निम्म्याने कमी झाली. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. स्त्रीने स्वतः वापरायच्या औषधाने एचआयव्हीची लागण रोखता येते, याचा हा पहिला पुरावा होता, आणि तो आफ्रिकेत, आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी, तिथल्या खेड्यातल्या बायकांच्या सहभागाने मिळवला होता.

पण एका चाचणीवर औषधाला मान्यता मिळत नाही. दुसऱ्या चाचणीतही तेच दिसावं लागतं. जेल आणि रोजच्या गोळ्या दोन्ही तपासणारी 'व्हॉइस' नावाची मोठी चाचणी दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वेतल्या पाच हजारांवर स्त्रियांमध्ये चालू होती. तिचा निकाल २०१३ मध्ये आला: जेल निरुपयोगी, आणि रोजच्या गोळ्याही निरुपयोगी. बायका सांगत होत्या की आम्ही दहापैकी नऊ वेळा औषध घेतो. रक्त तपासलं तर औषधाचा अंश जेमतेम पाव भाग नमुन्यांत. २०१५ मध्ये 'फॅक्ट्स' चाचणीत २,०५९ तरुणींमध्ये जेलच्या गटात ६१ आणि बनावट जेलच्या गटात ६२ जणींना लागण झाली. म्हणजे काहीच फरक नाही. त्यातल्या बहुतेक मुली अविवाहित, आईवडील-भावंडांसोबत राहणाऱ्या. जेलची नळी कुठे लपवायची, जोडीदार भेटणार हे आधी कसं कळायचं, नंतर परत उठून जेल लावायला खासगी जागा कुठली? प्रत्येक संबंधाच्या वेळी जेल वापरू शकणाऱ्या अवघ्या १३ टक्के होत्या. टेनोफोव्हिरचं जेल तिथेच थांबलं. बाजारात ते कधीच आलं नाही.

या मुली खोटं बोलल्या असं म्हणणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. दवाखान्यात पांढऱ्या कोटातल्या बाईने आस्थेने विचारलं, गोळी घेतेस ना, तर आपल्याकडचा बीपीचा किंवा मधुमेहाचा पेशंटही मान डोलावतो. दोष शोधायचा तर तो रोज आठवण ठेवून, लपवून, वेळ साधून घ्यावं लागणाऱ्या औषधात शोधायला हवा.

काप्रिसात साठवून ठेवलेले नमुने मात्र वाया गेले नाहीत. आधीच्या चाचणीत भाग घेतलेल्या ६८८ स्त्रियांच्या योनीतल्या जिवाणूंची तपासणी झाली आणि २०१७ मध्ये एक चकित करणारी गोष्ट पुढे आली. ज्यांच्यात लॅक्टोबॅसिलस हे दह्यातल्या जिवाणूंच्या कुळातले जिवाणू भरपूर होते, त्यांच्यात जेलने लागण ६१ टक्क्यांनी रोखली. ज्यांच्यात गार्डनेरेला वगैरे दुसऱ्या जिवाणूंनी जागा घेतली होती, त्यांच्यात अवघी १८ टक्क्यांनी. गार्डनेरेला टेनोफोव्हिरचंच विघटन करत होता. औषध पेशीत पोहोचायच्या आत संपत होतं. म्हणजे जेल इमानाने वापरूनही काहीजणींना फायदा का होत नव्हता, याचंही एक उत्तर मिळालं.

आणि १९९० च्या त्या वयाच्या रकान्याचं कोडं? तेही विषाणूनेच उलगडून दाखवलं. एचआयव्ही एका शरीरातून दुसऱ्यात जाताना त्याच्या जनुकांत बारीक बदल होत राहतात, त्यामुळे दोन माणसांमधले विषाणू किती जवळचे आहेत हे पाहता येतं. वुलिंडलेला आणि शेजारच्या भागातल्या १,५८९ जणांच्या विषाणूंची जनुकं अशी ताडून पाहिली. पंचविशीच्या आतल्या मुलींचे विषाणू ज्या पुरुषांच्या विषाणूंशी जुळत होते, ते पुरुष त्यांच्याहून सरासरी ८.७ वर्षांनी मोठे. पंचवीस ते चाळीस वयाच्या स्त्रियांचे जोडीदार मात्र साधारण त्यांच्याच वयाचे. साखळी अशी फिरत होती: तिशीतल्या स्त्रीकडून तिशीतल्या पुरुषाला लागण, त्याच्याकडून शाळेतल्या मुलीला, आणि ती मुलगी तिशीत पोहोचली की तिच्याकडून पुन्हा तिच्या वयाच्या पुरुषाला. त्या पुरुषांपैकी अनेकांना आपल्याला लागण आहे हेच माहीत नव्हतं. ही साखळी तोडायची तर दोन्हीकडून हात घालायला हवा: पुरुषांना शोधून एआरटीवर आणायचं, म्हणजे त्यांच्याकडून लागण होणार नाही, आणि मुलींना तोवर वाचवायचं. उपचार आणि प्रतिबंध हे दोन वेगळे विभाग राहतच नाहीत.

कुरैशांच्या कामाचा एक भाग बातम्यांत येत नाही, पण मला तो फार मोठा वाटतो. कोलंबिया विद्यापीठाच्या साहाय्याने दक्षिण आफ्रिकेत चाललेल्या प्रशिक्षण कार्यक्रमातून त्यांनी सहाशेहून अधिक शास्त्रज्ञ तयार केले. एकेकाळी आफ्रिकेतून रक्ताचे नमुने परदेशात जायचे आणि शोधनिबंध तिकडूनच यायचे. हे चित्र बदलायला ही माणसं लागली. २०२४ मध्ये कुरैशा आणि सलीम दोघांना लास्कर-ब्लूमबर्ग पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी, जून महिन्यात, त्या तिशीतल्या संशोधिकेने विचारलेल्या प्रश्नाला आजवरचं सगळ्यात चांगलं उत्तर मिळालं. लेनाकापाव्हिर नावाचं औषध एचआयव्हीच्या जनुकांभोवतीच्या प्रथिनाच्या कवचाला चिकटतं आणि त्याचं काम बिघडवतं. ते शरीरात इतकं सावकाश पसरतं की पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन दिलं की सहा महिने पुरतं. केपटाऊनच्या लिंडा-गेल बेकर यांच्या नेतृत्वाखाली दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या ५,३३८ तरुणींवर त्याची चाचणी झाली. त्यातल्या २,१३४ जणींना हे इंजेक्शन मिळालं होतं. त्यांच्यात लागण झालेल्या: शून्य. रोजच्या गोळ्या दिलेल्या दोन गटांत मिळून ५५. जेल पडलं, तरी मुलींना लपवता येईल, रोज आठवण ठेवावी लागणार नाही असं काहीतरी हवं, हे शिक्षण त्या पडलेल्या चाचण्यांनीच दिलं होतं.

जून २०२५ मध्ये अमेरिकेत या इंजेक्शनला मान्यता मिळाली. तिथली किंमत एका माणसाला वर्षाला २८,२१८ डॉलर. मूळ कंपनीने १२० गरीब देशांसाठी सहा कंपन्यांना ते बनवायची परवानगी दिली आहे. त्यात हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो आहेत, पुण्याची एमक्युअरही आहे. डॉ. रेड्डीज आणि हेटेरोचं इंजेक्शन २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरला मिळेल असं ठरलं आहे. पंचवीस वर्षांपूर्वी सिप्लाने जे केलं, त्याचीच ही पुढची पायरी.

पण मधल्या काळात, जानेवारी २०२५ मध्ये, अमेरिकन सरकारने परदेशी मदत अचानक रोखली. काप्रिसाच्या एका चाचणीत तरुणी लागण रोखण्यासाठी आखलेली नवी रिंग योनीत वापरून पाहत होत्या. चाचणी मध्येच बंद झाली आणि त्यांना रिंग काढून घ्यायला केंद्रावर बोलवावं लागलं. पस्तीस वर्षांत जोडलेला विश्वास एका सरकारी आदेशाने पणाला लागला, याचा मला राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

इंजेक्शन स्वस्त झालं तरी ते टोचून घ्यायला मुलीला दवाखान्यात जावं लागणार आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्याने बाराव्या वर्षापासून मुलीला एचआयव्ही तपासणी आणि गर्भनिरोधकं पालकांना न विचारता मिळू शकतात. प्रत्यक्षात शाळेच्या गणवेशातली मुलगी समोर आली की खिडकीमागची बाई तिला सगळ्यांसमोर झापते, अशा तक्रारी तिथे जुन्या आहेत. म्हणून आता अभ्यास चालले आहेत ते इंजेक्शन नेमकं कुठे द्यावं याचे: शाळेजवळ, औषधाच्या दुकानात, कुटुंब नियोजनाच्या खोलीत, की फिरत्या गाडीत.